आयरिश सेशनमधील मेंडोलिन : कानाने शिकण्याची विद्या



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आज आपण एकत्र जमलो आहोत, त्यांनीच शाळेच्या वाद्यवृंदात माझ्या हाती प्रथम मेंडोलिन दिले. स्नेहसंमेलनाच्या तालमीत मी समोरच्या कागदावरून नजर हलवीत नसे. एके दिवशी त्यांनी तो कागद शांतपणे उचलून खिशात ठेवला आणि शेजारचा व्हायोलिन ऐकत वाजव, एवढेच सांगितले. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. पुढे नोकरीनिमित्त आयर्लंडच्या पश्चिमेकडील क्लेअर परगण्यात काही वर्षे राहण्याचा योग आला. तेथे त्या सांगण्याचा अर्थ उमगला. आजचे विवेचन त्या अनुभवाच्या आधाराने करीत आहे.

प्रथम वाद्याविषयी. मेंडोलिन मूळचे इटलीचे. त्याचा आज प्रचलित असलेला घाट अठराव्या शतकात नेपल्स शहरी घडला. त्याला आठ तारा असतात; मात्र त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत बसविलेल्या असून प्रत्येक जोडीतील दोन्ही तारा एकाच स्वरात जुळवितात. या चार जोड्यांची जुळणी पाश्चात्त्य व्हायोलिनप्रमाणेच, म्हणजे प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमावर, असते. त्यामुळे व्हायोलिनवरील धून मेंडोलिनवर त्याच बोटांनी उतरते. फरक दोन. येथे पडदे आहेत आणि गजाऐवजी प्लेक्ट्रम आहे. गजाने स्वर हवा तितका लांबविता येतो. मेंडोलिनचा स्वर छेडताक्षणी विरू लागतो. तरीही या वाद्याची क्षमता मर्यादित नाही. आपल्या माळव्यातील सीतामऊचे सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) यांनी त्यावर मींडयुक्त रागसंगीत वाजविले, तर यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी विद्युत मेंडोलिनला कर्नाटक संगीतात मानाचे स्थान मिळवून दिले.

आता ‘सेशन’ म्हणजे काय ते पाहू. पबच्या एखाद्या कोपऱ्यात काही वादक वर्तुळाकार बसून पारंपरिक नृत्याच्या धुना एकत्र वाजवितात, त्यास सेशन म्हणतात. हा प्रकार पुरातन असावा असे अनेकांना वाटते. पण त्याचे आजचे रूप विसाव्या शतकातील आहे. पूर्वी हे संगीत घराघरांत आणि गावाच्या चव्हाट्यावर नृत्याच्या साथीला वाजत असे. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नृत्यास परवाना आवश्यक झाला आणि त्या अनौपचारिक मेळाव्यांना ओहोटी लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश माणसे मजुरीसाठी इंग्लंडला गेली. लंडनच्या कॅम्डन टाउन, केंटिश टाउन अशा वस्त्यांतील पबमध्ये ती संध्याकाळी वाद्ये घेऊन जमू लागली. १९५१ मध्ये मलिंगार येथे ‘कोल्टस’ ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या वार्षिक मेळाव्यांनी मायदेशीही हा प्रघात रुजविला. परक्या शहरात आपली ओळख जपण्याची गरज या प्रथेच्या मुळाशी आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपणा मंडळींना हे निराळे समजावून सांगावयास नको.

सेशनला आपण ‘बैठक’ म्हणू शकतो. परंतु आपल्या बैठकीत एक गाणारा आणि बाकीचे ऐकणारे असतात. तेथे सारेच वाजविणारे आणि सारेच ऐकणारे. कोणीही प्रमुख नसतो, कार्यक्रमपत्रिका नसते. कोणी एक धून सुरू करतो. ज्यांना ती येते ते सामील होतात, ज्यांना येत नाही ते वाद्य मांडीवर ठेवून ऐकतात. धुनेचे सामान्यतः दोन भाग असून प्रत्येक भाग आठ मापांचा असतो व दोनदा वाजतो. अशी बत्तीस मापांची धून दोन-तीन वेळा वाजवून न थांबता दुसऱ्या धुनेत जावयाचे असते. कोठे वळावयाचे, हे सुरू करणाऱ्याच्या नजरेवरून किंवा एखाद्या हुंकारावरून ओळखावे लागते. सर्वजण तीच धून वाजवितात. आलाप-तानांचा विस्तार नाही, फक्त बारीकसारीक अलंकरणात प्रत्येकाचा स्वभाव दिसतो.

‘जिग’ या प्रकाराच्या सहा मात्रांचे वजन आपल्या दादऱ्याची आठवण देते, तर ‘रील’चे चलन केरव्याच्या जवळ जाते. पुष्कळ धुनांची स्वरपंक्ती बिलावल थाटाची असते. काहींत कोमल निषादामुळे खमाज, तर काहींत कोमल गंधार व कोमल निषाद यांमुळे काफी थाट दिसतो. साम्य स्वरपंक्तीपुरतेच आहे; तेथे राग शोधू नयेत.

या संगीतात फिडल, बासरी, टिन व्हिसल आणि इलिअन पाइप्स ही जुनी वाद्ये. मेंडोलिनला व्यापक प्रतिष्ठा मिळाली ती १९६० नंतरच्या लोकसंगीताच्या लाटेत. ‘स्वीनीज मेन’ (१९६६) आणि ‘प्लँक्स्टी’ (१९७२) या संचांतील अँडी अर्व्हिन, तसेच मिक मलोनी (१९४४–२०२२) यांची नावे या संदर्भात घ्यावी लागतील. बार्नी मकेना (१९३९–२०१२) यांनी टेनर बँजो मेंडोलिनच्याच जुळणीत, पण एक सप्तक खाली लावून लोकप्रिय केला.

वादनाची खरी कसोटी उजव्या हाताची असते. जिगमध्ये ‘खाली-वर-खाली, खाली-वर-खाली’ असे आघात बहुतेक वादक घेतात, म्हणजे तीन-तीनच्या प्रत्येक गटाचा आरंभ ठसठशीत होतो. रीलमध्ये ‘खाली-वर’ असा सरळ क्रम चालतो. स्वर लांबविण्यासाठी नेपल्सचे वादक जो अखंड कंप वापरतात, तो येथे क्वचितच खपतो. त्याऐवजी एका स्वराच्या जागी तीन द्रुत आघात घेऊन धुनेला उठाव देतात.

मुख्य अडचण आवाजाची. फिडल, पाइप्स आणि बँजो यांच्या मेळ्यात मेंडोलिन सहज बुडून जाते. वाजविणाऱ्यालाही आपला स्वर ऐकू येत नाही. एनिस गावातील पहिल्या सेशनला मी चाळीसएक धुना पुस्तकातून पाठ करून गेलो होतो. ओळखीची जिग आली, मी उत्साहाने सुरुवात केली, आणि स्वतःचे वादन ऐकू येईना म्हणून अधिक जोराने छेडू लागलो. जोराबरोबर लयही वाढली. धून ओढाताणीत कशीबशी संपली. कोणी रागावले नाही. शेजारचे वृद्ध फिडलवादक खुर्ची माझ्याजवळ सरकवून म्हणाले, की पुढच्या धुनेत तारांना नुसता स्पर्श करा आणि माझ्या गजाकडे लक्ष द्या. मला एकदम गुरुजींच्या खिशातला तो कागद आठवला.

त्यानंतर कित्येक आठवडे मी अधिक ऐकले आणि कमी वाजविले. तेव्हा ध्यानात आले, की पुस्तकात स्वर होते पण त्यांचे वजन नव्हते. कोणत्या स्वरावर गज किंचित रेंगाळतो, हे छापता येत नाही. मी वापरलेले पुस्तक फ्रान्सिस ओनील यांचे होते. कॉर्क परगण्यात जन्मलेले हे गृहस्थ शिकागोचे पोलीसप्रमुख झाले आणि १९०३ मध्ये त्यांनी १,८५० धुनांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांना स्वतःला स्वरलेखन फारसे अवगत नव्हते. कानांनी साठविलेल्या धुना ते वाजवून दाखवीत आणि पोलीसदलातील जेम्स ओनील हे सहकारी त्या लिहून घेत. म्हणजे ज्या ग्रंथाला मी प्रमाण मानीत होतो, तो मुळात ऐकण्यातूनच जन्मला होता.

ग्रंथाचे मोल याने कमी होत नाही. स्थलांतरात विस्मरणात गेल्या असत्या अशा कितीतरी धुना त्याने राखल्या. परंतु कागदाने धून टिकते. ती वाजती ठेवण्यास चार माणसांनी एकमेकांचे ऐकत बसावे लागते. मेंडोलिनसारखे लहान आवाजाचे वाद्य ही सवय सक्तीने लावते, कारण इतरांचे ऐकल्यावाचून त्याला मेळ्यात जागाच सापडत नाही.

मी परतलो तेव्हा गुरुजी हयात नव्हते. कागद का काढून घेतला ते आता कळले, हे त्यांना सांगावयाचे राहून गेले. आपल्या शाळेत संगीताच्या परीक्षा होतात, पारितोषिके दिली जातात. ती अवश्य असावीत. त्याबरोबरच आठवड्यातून एक तास मुलांनी कागदाविना, श्रोत्यांविना, केवळ एकमेकांचे ऐकत वाजवावे, अशी माझी व्यवस्थापनास नम्र सूचना आहे. त्यासाठी लागणारी वाद्ये मी शाळेला देऊ इच्छितो.