तान्ह्या बाळाचे संध्याकाळचे रडणे

घरात तान्हे बाळ असले की दिवेलागणीची वेळ मोठ्या परीक्षेची असते. दिवसभर पिऊन-झोपून शहाण्यासारखे राहिलेले बाळ सहा-सात वाजले की एकाएकी चेहरा लाल करून, मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन टाहो फोडते. अंगावर घेतले तर दोन घोट पिऊन तोंड फिरवते. खांद्यावर घ्यावे तर अंग ताठ करते. मध्येच वारा सरतो आणि घरातल्या सगळ्यांची खात्री पटते, की पोटात गॅस धरला आहे. मग आजी मीठ-मोहरी ओवाळते, आत्या हिंगाची डबी शोधते, बाळाचे वडील मेडिकलच्या दुकानाकडे गाडी काढतात आणि बाळंतीण कोपऱ्यात बसून स्वतःच रडू लागते. दोन-तीन तास हा गोंधळ चालतो. नंतर जसे सुरू झाले तसेच रडणे थांबते आणि बाळ गाढ झोपी जाते. शेवटी जो उपाय केलेला असतो, श्रेय त्याला मिळते!

परतवाड्याच्या माझ्या दवाखान्यात नव्या आया सर्वांत जास्त वेळा हीच तक्रार घेऊन येतात. "मॅडम, लेकराच्या पोटात काहीतरी आहे." मी बाळाला उघडे करून डोक्यापासून पायापर्यंत तपासते, वजन करते. बहुतेक वेळा पोट मऊ असते, वजन छान वाढलेले असते. "बाळ चांगले आहे, औषध नको," असे सांगितले की बरोबरच्या आजींचा चेहरा पडतो. कागदावर काही लिहून दिले नाही म्हणजे डॉक्टरीणबाईंना कळले नाही, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. म्हणून आज हा विषय जरा सविस्तर.

या रडण्याला वैद्यकात कोलिक म्हणतात. अमेरिकेतील डॉ. मॉरिस वेसेल यांनी १९५४ साली त्याची एक सोपी व्याख्या केली. एरवी निरोगी असलेले बाळ दिवसात तीन तासांहून अधिक, आठवड्यात तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर ते कोलिक. पुढे १९६२ मध्ये डॉ. ब्रेझल्टन यांनी ८० मातांना बाळाच्या रडण्याची रोजची नोंद ठेवायला सांगितली. तेव्हा दिसले की निरोगी बाळेही सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला सरासरी पावणेतीन तास रडतात. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रडणे सुरू होते, दीड महिन्याला कळस गाठते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे हे आठवडे जन्मापासून न मोजता, डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजावेत.

मग गॅसचे काय? गॅस असतो, पण पुष्कळदा तो रडण्याचे कारण नसून परिणाम असतो. बाळ रडताना हवा गिळते, ती पोटात जाते, पोट ढोलकीसारखे वाजते आणि खालून सरते. रडण्याचे मूळ कारण अद्याप कोणालाही नेमके सापडलेले नाही. नव्या जगातले आवाज, उजेड, माणसे यांनी बाळाची अपक्व मज्जासंस्था दिवसअखेर शिणून जाते, असे मानायला जागा आहे. कुंथण्याबद्दलही असाच गैरसमज असतो. शी होण्याआधी बाळ दहा-पंधरा मिनिटे लालबुंद होऊन कुंथते, रडते आणि मग मऊ शी करते. हा बद्धकोष्ठ नव्हे. पोटाने जोर देताना खालचा स्नायू सैल सोडायचा असतो, हे त्याला अजून जमत नाही, इतकेच. अशा वेळी एरंडेलात बुडवलेला पानाचा देठ किंवा साबणाची कांडी वापरू नये. देठाची सवय लागते आणि आतली नाजूक त्वचा सोलवटते.

मला खरी काळजी वाटते ती रडणे थांबवण्यासाठी जे केले जाते, त्याची.

काही वर्षांपूर्वी अंजनगावकडच्या एका खेड्यातून पाच आठवड्यांचे बाळ दुपारी माझ्याकडे आणले. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तीन आठवडे रोज संध्याकाळी बाळ रडत होते. पहिल्या आठवड्यात आईचे दूध वातूळ आहे असे ठरले आणि तिची हरभऱ्याची डाळ बंद झाली. मग वाटाणा, बटाटा, वांगे गेले. मग पालेभाजी, फळे गेली. शेवटी मऊ भात आणि तूप एवढेच ताटात उरले, आणि पाणीही मोजून. तरी बाळ रडतच होते. मग गुटीत जायफळाचा एक वेढा होता त्याचे चार झाले. शेजारच्या घरातल्या मोठ्या मुलासाठी आणलेली पोटदुखीची थेंबाची बाटली होती, तीही सुरू झाली. त्या रात्री बाळ शांत झोपले. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. दुसऱ्या दिवशीही ते झोपूनच राहिले, अंगावर प्यायलाही उठेना, तेव्हा आजी घाबरल्या.

बाळ माझ्या टेबलावर आले तेव्हा त्याचा श्वास उथळ होता आणि मध्येच काही सेकंद थांबत होता. आजींनी पदराच्या गाठीतून बाटली काढून दिली. तिच्यात डायसायक्लोमिन नावाचे औषध होते. आतड्याची कळ कमी करणारे हे औषध सहा महिन्यांच्या आतील बाळाला देऊ नये, कारण त्याने श्वास बंद पडू शकतो. प्राणवायू लावून बाळाला अमरावतीला पाठवले. तिसऱ्या दिवशी ते अंगावर पिऊ लागले. त्या आजींना मी रागावले नाही. तीन आठवडे त्या माउलीने रात्री जागून काढल्या होत्या आणि प्रत्येक गोष्ट नातवाच्या भल्यासाठीच केली होती.

म्हणून वाचकांना पहिली विनंती ही, की दुकानातून विचारून आणलेले पोटदुखीचे थेंब तान्ह्या बाळाला देऊ नयेत. निदान बाटलीवरचे नाव वाचावे. सिमेथिकोन हे औषध त्या मानाने निरुपद्रवी आहे, पण त्याचा गुण साध्या पाण्याहून अधिक असल्याचे दिसून आलेले नाही. ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने काढले. त्यात बाळंतशोप्याचे तेल, खाण्याचा सोडा आणि साखर यांबरोबर मद्यार्कही होता. बाळे शांत का होत, हे सांगायला नको! पुढे मद्यार्क काढून टाकण्यात आला. आता उरले ते गोड पाणी. सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरच्या पाण्याचीही गरज नसते, तर या पाण्याची काय असणार?

बाळगुटीवर लिहिले की पत्रे येतात, याची मला कल्पना आहे. तरी सांगते. जायफळाने गुंगी येते आणि तान्ह्याच्या वजनाला ती किती चढेल हे वेढे मोजून ठरत नाही. सहाण, गुटीचे तुकडे आणि पाणी यांतून जुलाब होतात, ते वेगळेच. गुटी मधात देत असाल तर तेही थांबवा. वर्षाच्या आतील मुलाला मध देऊ नये. मधातल्या एका जंतूमुळे क्वचित स्नायू लुळे पडण्याचा आजार होतो.

गुंगी आणून बाळाला गप्प करण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया कामावर जाताना लेकरांना अफूची 'बाळागोळी' देत. बारा-बारा तास राबणाऱ्या त्या बायांपुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे तो आहे.

आणि आपल्याच जिल्ह्यात अजून डंबा आहे. पोट फुगले म्हणून तापलेल्या विळ्याने बाळाच्या पोटाला चटके देतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटात २२ दिवसांच्या आजारी बाळाला असे ६५ चटके दिल्याचे उघडकीस आले आणि राज्यभर बातमी झाली. मेळघाटातल्या लोकांना नावे ठेवणे सोपे आहे. पण दवाखाना दूर, बाळ ओरडते आहे आणि काहीतरी केलेच पाहिजे, ही घालमेल शहरातल्या घरातही तीच असते. तिथे विळ्याच्या जागी बाटली असते. चटक्याने आजार तर जात नाहीच, उलट जखमा पिकून जंतुदोष रक्तात पसरतो.

आता आईच्या जेवणाकडे वळू. आईच्या आतड्यातला वायू दुधात उतरत नाही. दूध रक्तापासून बनते आणि रक्तात हरभऱ्याचा गॅस नसतो. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. तिला भाकरी, डाळ, भाजी, फळे, दूध, अंडे, घरात चालत असेल ते सर्व पोटभर द्यावे आणि तहान लागेल तितके पाणी द्यावे. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू जरूर द्यावेत, पण ताटातले दुसरे काही काढून नव्हे. थोड्या बाळांना गाईच्या दुधातील प्रथिनाची खरी ॲलर्जी असते. त्यांच्या शीत रक्ताचे धागे दिसतात, अंगावर चट्टे येतात. तिथे आईचे दूधदुभते काही आठवडे बंद करून पाहतात, पण तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

रडते म्हणजे दूध पुरत नाही, असे समजून वाटी-चमच्याने वरचे दूध सुरू करण्याची घाई तर मुळीच करू नये. बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात वजन करून घ्या. पाजताना नुसते स्तनाग्र नव्हे, तर भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात जायला हवा, म्हणजे हवा कमी जाते. एका बाजूचे पूर्ण पिऊन होऊ द्यावे, मगच दुसऱ्या बाजूला घ्यावे. नंतर खांद्यावर घेऊन पाठ थोपटावी. ढेकर आली नाही तरी दहा मिनिटांनी नाद सोडावा.

रडण्याच्या वेळेसाठी माझा आवडता उपाय आहे पालथे धरण्याचा. झाडाच्या फांदीवर पाय सोडून पडलेला बिबट्या चित्रात पाहिला असेल. बाळाला तसेच आपल्या हातावर पालथे घ्यायचे. डोके कोपराशी, चेहरा बाहेरच्या बाजूला, आपला पंजा त्याच्या मांड्यांमध्ये आणि दुसरा हात पाठीवर. मग खोलीत हळूहळू फेऱ्या मारायच्या. हे काम वडिलांचे हात छान करतात. मात्र पालथे धरणे जागेपणी आणि हातातच. झोपवताना बाळ नेहमी उताणे असावे. दिवा मंद करावा, टीव्ही बंद करावा, बघायला आलेल्या मंडळींना चहा देऊन लवकर निरोप द्यावा. पंख्याच्या एकसुरी आवाजाने कित्येक बाळे शांत होतात. उघड्या छातीशी बाळाला धरून वरून पांघरूण घेतले तरी गुण येतो. नाळ पडून बेंबी कोरडी झाली असेल तर बेंबीभोवती हिंगाचा लेप लावायला माझी हरकत नाही. आजींचाही मान राहतो. धुरी मात्र नको. ओवा-बाळंतशोप्याचा धूर कितीही सुवासिक असला तरी तो त्या इवल्याशा फुप्फुसात जातो.

यातल्या कशानेही रडणे थांबले नाही, असेही दिवस येतील. तेव्हा आईला बाळाचा राग येतो. हे कुणी बोलत नाही, पण दवाखान्याचे दार लावल्यावर अनेकींनी मला सांगितले आहे. त्या रागात बाळाला गदागदा हलवू नका. त्याची मान लुळी असते. हलवण्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या तुटून आंधळेपण किंवा मृत्यूही येऊ शकतो. बाळाला पाळण्यात उताणे ठेवा, दुसऱ्याच्या हवाली करा, तोंडावर पाणी मारा, दहा मिनिटे अंगणात बसा. तेवढ्या रडण्याने त्याला काही होत नाही. घरच्यांनी रोज संध्याकाळचा तासभर तरी बाळ आपल्याकडे घ्यावे आणि आईला झोपू द्यावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ ती उदास असेल, जेवत नसेल, तर तिला घेऊन डॉक्टरांकडे या.

काही रडणे मात्र या लेखातले नव्हे. उलटी हिरवी झाली, शीत रक्त आले, पोट कडक फुगले, जांघेत गाठ आली, टाळू फुगली, अंगाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला, रडण्याचा आवाज क्षीण झाला, बाळाने पिणे सोडले किंवा उठवूनही उठेना, तर सकाळची वाट पाहू नये. एकाएकी सुरू झालेल्या रडण्यात हातापायांची बोटेही एकेक करून पाहावीत. आईचा गळलेला केस बोटाला आवळून बसलेला मी दोनदा काढला आहे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. निघताना बाळाला दिलेल्या औषधाची बाटली आणि गुटीची पुडी आठवणीने बरोबर आणावी.