उंदरांचं औषध आणि घरातलं मांजर : थोडी खबरदारी, एक जीव वाचेल

पावसाळा आला की गटारातले, बिळातले उंदीर घरात शिरतात. मग दुकानातून औषध आणून ते ओट्याखाली, कपाटामागे टाकलं जातं. आपल्या बऱ्याच घरांत मांजर असतं, बकरी ईदच्या आधी काही दिवस दारात बोकडही बांधलेला असतो. उंदरासाठी ठेवलेलं विष त्यांच्या पोटात जायला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही हा विषय आज घेतला आहे.

विष कोणतं, हे आधी ओळखा

बाजारात प्रामुख्याने दोन प्रकार मिळतात. पहिला झिंक फॉस्फाइड, म्हणजे काळपट राखाडी पावडर. ती पिठात किंवा भजीत मिसळून ठेवतात. पोटात गेल्यावर तिच्यापासून विषारी वायू तयार होतो. बऱ्याचदा काही तासांतच उलट्या, धाप आणि झटके सुरू होतात. यावर उतारा नाही, मिळेल तो फक्त आधाराचा उपचार.

दुसरा ब्रोमॅडिओलोन, म्हणजे तयार केक किंवा रंगीत दाणे. यामुळे रक्त गोठणं बंद होतं. फसगत इथेच होते. जनावर दोन-तीन दिवस अगदी ठीक दिसतं, खातं, खेळतं. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा लघवीतून रक्त येतं, दम लागतो. यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे. तो वेळेवर सुरू झाला तर जीव वाचतो, पण औषध काही आठवडे चालू ठेवावं लागतं.

याशिवाय ट्यूबमधली पिवळ्या फॉस्फरसची पेस्टही असते. ती लिव्हर निकामी करते आणि माणसांनाही तितकीच घातक आहे. लहान मुलं असलेल्या घरात ती आणूच नये.

मांजराने औषध स्वतः खाल्लं नाही, तरी औषध खाल्लेला उंदीर खाऊनही विषबाधा होऊ शकते.

खाल्ल्याचा संशय आला तर

- लक्षणांची वाट बघू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.
- औषधाचं पाकीट किंवा त्याचा फोटो सोबत ठेवा. नाव कळलं की उपचार ठरतो.
- दूध, तूप, तेल पाजू नका. काही विषं स्निग्ध पदार्थांत जास्त लवकर शोषली जातात.
- मीठपाणी पाजून उलटी काढू नका. मिठाचीच बाधा होऊ शकते, पाणी फुफ्फुसातही जातं.
- पावडर खाल्ली असेल तर रिक्षात, गाडीत हवा खेळती ठेवा. उलटीतून निघणारा वायू आपल्यालाही त्रास देतो.

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं हॉस्पिटल आहे. गावाकडे जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. जवळच्या डॉक्टरचा नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा.

बोकड बांधताना

सोसायटीत जिन्याखाली, मीटरच्या खोलीजवळ पेस्ट कंट्रोलवाले केक ठेवतात. बोकड दाणा समजून ते खातो. बांधण्याआधी जागा झाडून घ्या, वॉचमनला विचारा. बोकडाने विष खाल्ल्याचा संशय असेल, तर पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय त्याची कुर्बानी करू नका. अशा विषाचा अंश लिव्हरमध्ये बराच काळ राहतो, म्हणजे धोका खाणाऱ्यांनाही आहे.

घरातली इतर विषं

मांजराला ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देणारे लोक आजही भेटतात. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. फिनाइलने पुसलेली ओली फरशी, कपाटातल्या डांबरगोळ्या यांपासूनही मांजराला दूर ठेवा. ते पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. उरलेला सालन, बिर्याणीचा मसाला घालू नका. कांदा-लसणामुळे मांजर-कुत्र्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजलेली हाडंही नकोत, ती तुटून आतड्यात रुततात.

मग उंदरांचं काय करायचं?

पिंजरा लावा. भिंतीतली भोकं भांडी घासायची तार कोंबून सिमेंटने बुजवा. मोरीला जाळी बसवा. तांदूळ, गहू झाकणाच्या डब्यात ठेवा, खरकटं रात्रभर ठेवू नका. औषध टाकावंच लागलं तर कुलूपवाली पेटी वापरा, शेजाऱ्यांना सांगा आणि रोज सकाळी मेलेले उंदीर पिशवीने उचलून टाका.

घरात आणलेला मुका जीव आपल्या भरवशावर असतो. औषध कुठे ठेवलंय हे त्याला कळत नाही, ते आपल्यालाच लक्षात ठेवावं लागतं.