मशीनच्या अलीकडे आणि पलीकडे

वेल्ह्याहून केळदच्या रस्त्याला लागलं की पासली येतं. हा घाटमाथ्याचा पट्टा. जून लागला की पाऊस सप्टेंबरपर्यंत फारशी उसंत देत नाही. अशा गावांत जोराच्या सरी कोसळल्या की नळाचं पाणी तांबूस होतं, हंड्याच्या तळाशी गाळ बसतो आणि घरात विषय निघतो, ‘एकदाचं ते आरओ बसवून टाकू.’ पुण्यात किंवा मुंबईत नोकरीला असलेला मुलगा गणपतीला येताना मशीन घेऊनच येतो. भिंतीला भोकं पडतात, मशीन लागतं आणि पुढच्या पावसाळ्यात थेंबथेंब गळायला लागतं. दोष कंपनीला दिला जातो. खरं तर बहुतेक वेळा गडबड मशीनच्या अलीकडे किंवा पलीकडे असते.

‘पाणी गढूळ आहे, म्हणजे आरओच हवं’

हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. गढूळपणा म्हणजे पाण्यात तरंगणारी माती. आरओचं काम मात्र पाण्यात विरघळलेले क्षार काढण्याचं. त्याच्या पडद्याची छिद्रं साधारण ०.०००१ मायक्रॉनची, म्हणजे जंतूंपेक्षा कितीतरी पट बारीक. त्यावर थेट माती सोडली तर ती वाट बुजवते, आणि पडदा हा मशीनमधल्या महागड्या भागांपैकी एक.

क्षारांचं म्हणाल तर सह्याद्रीच्या या अंगाला पाऊस भरपूर आणि खडक काळा बेसॉल्ट. पाणी उतारावरून झपाट्याने निघून जातं, खडकातले क्षार विरघळायला त्याला सवड मिळत नाही. म्हणून इथल्या झऱ्यांच्या आणि उथळ विहिरींच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, सहसा कमीच असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० हून कमी टीडीएसच्या पाण्याला आरओ वापरण्यावर बंदी घालावी, असं केंद्र सरकारला सांगितलं होतं. पुढे त्यावर बरीच कायदेशीर ओढाताण झाली, पण मुद्दा खोटा ठरला नाही. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतं. पावसाळ्यात ते कुणाच्या लक्षात येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत, डोंगरातल्या वाड्या हंड्याच्या हिशोबाने जगतात तेव्हा येतं.

खारट बोअरचं पाणी असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे आरओला पर्याय नाही. पण आधी मोजा, मग घ्या.

‘मशीनच्या आत फिल्टर आहेत, बाहेर आणखी एक कशाला?’

आतला गाळ-फिल्टर शहरातल्या पाण्याचा विचार करून दिलेला असतो. ते पाणी शुद्धीकरण केंद्रातून गाळून आलेलं असतं. डोंगरातल्या नळयोजनेचं पाणी बऱ्याचदा टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून थेट नळाला सोडलेलं असतं. त्यामुळे बाहेरच्या नळीवर पारदर्शक भांड्यातला दहा इंची फिल्टर लावणं हा सगळ्या मशीनचा स्वस्तातला विमा आहे. त्यात पांढरं स्पन कार्ट्रिज असतं. ते तपकिरी झालं की दिसतं, काढून नवं घालता येतं आणि ते प्लंबरशिवाय जमतं.

इथे एक उत्साही चूक होते. दुकानदार विचारतो, ‘पाच मायक्रॉन देऊ का एक?’ आणि गिऱ्हाईक बारीकच मागतं. पण आपल्याकडे पाणी येतं टाकीतून, उंचीच्या जोरावर. दहा मीटर उंचीला मिळतो जेमतेम एक किलो दाब. टाकी स्लॅबवर आणि नळ तीन मीटर खाली असेल, तर दाब ०.३ किलो! त्यावर एक मायक्रॉनचं कार्ट्रिज लावलं, तर पहिल्याच गढूळ पाण्याला धार तुटते. मग मशीनच्या आतल्या पंपाला पाणी पुरत नाही, तो कोरडा फिरतो, आणि तो जळाला की दोष पुन्हा कंपनीचा. म्हणून टप्पे करावेत. आधी जाळीचा गाळक, जो धुता येतो. मग पाच मायक्रॉन. त्याहून बारीक काम मशीनवर सोपवावं.

स्पन कार्ट्रिज धुऊन, ब्रशने घासून पुन्हा लावणारे बरेच आहेत. वरची माती निघते, आत रुतलेली निघत नाही आणि धागे सैल होतात. घासायची असते ती सिरॅमिकची कँडल. दोन्हींची गल्लत होते. ‘वर्षातून एकदा बदला’ हा नियमही इथे कामाचा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये एखादं कार्ट्रिज महिन्याच्या आत हार मानेल, तर फेब्रुवारीत तेच चार महिने टिकेल. ठरवायचं ते धारेवरून.

गाळून घेण्याला कमी लेखू नये, हे सांगणारं एक उदाहरण बांगलादेशातलं आहे. शास्त्रज्ञ रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जुन्या साडीच्या किमान चार पदरांतून तळ्याचं पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलऱ्याचं प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. साडीच्या पदरांतून कॉलऱ्याचा सुटा जंतू सहज निसटतो. पण तो ज्या सूक्ष्म पाणजीवांना चिकटून राहतो, ते अडकतात. नळाला चौपदरी फडकं बांधणाऱ्या आपल्या आज्यांना एवढं शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं. मात्र एवढ्याने पाणी निर्जंतुक होत नाही, हेही त्याच आकड्यात दिसतं: उरलेले ५२ टक्के. तुरटीचंही तसंच आहे. ती माती तळाला बसवते, जंतू मारण्याचं काम तिचं नव्हे.

‘कार्बन फिल्टर पाणी शुद्ध करतो’

कार्बन वास, रंग आणि क्लोरीन शोषतो. आरओच्या आधी तो हवाच, कारण पडदा पॉलिअमाइडचा असतो आणि क्लोरीन त्याला हळूहळू खाऊन टाकतं. पण जंतू मारणं कार्बनच्या हातात नाही. उलट क्लोरीन निघून गेलेल्या, ओल्या कार्बनमध्ये जंतूंची वस्ती आरामात वाढते.

यातूनच सगळ्यात घातक मांडणी जन्माला येते: ‘पावडरीचा वास नको’ म्हणून गच्चीवरच्या टाकीच्या तोंडालाच कार्बन बसवणं. गावच्या जलसुरक्षकाने टाकलेलं टीसीएल घराच्या उंबऱ्यावरच संपतं आणि पुढची टाकी, पाइप, नळ सगळं उघडं पडतं. नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असा दंडक आहे. ग्रामपंचायतीची ओटी चाचणी तेच तपासते. म्हणून कार्बन लावायचाच तर पिण्याच्या नळापाशी, अगदी शेवटी. आणि तो कधी संपला हे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे त्याची तारीख भांड्यावर लिहून ठेवावी.

गढूळपणाचा इथे दुहेरी त्रास आहे. माती क्लोरीन खाते आणि जंतूंना लपायला जागाही देते. त्यामुळे आधी गाळणं, मग टीसीएल किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण), मग अर्धा तास थांबणं हा क्रम बदलून चालत नाही. यूव्ही दिव्याचंही तेच. त्याचा किरण जंतूपर्यंत पोचला तरच काम होतं. मातीच्या कणाआड बसलेला जंतू सावलीत वाचतो.

मशीनच्या पलीकडे

आरओनंतर लावलेला छोटा कार्बन, ज्याला पोस्ट कार्बन म्हणतात, साठवणटाकीतला प्लास्टिकचा वास घालवतो, एवढंच. मिनरल कार्ट्रिजचं काम तर थोडं विनोदीच आहे: आधी क्षार काढायचे आणि मग विकत घेऊन परत घालायचे. कमी टीडीएसच्या गावात हा खर्च दोनदा होतो.

पलीकडच्या बाजूला खरा धोका वेगळाच आहे. मशीनमधून बाहेर पडलेल्या पाण्यात क्लोरीन उरलेलं नसतं. टाकी, नळी, पोस्ट कार्बन यांपैकी कुठेही जंतू शिरला तर त्याला अडवणारं काही नाही. म्हणून यूव्ही असेल, तर तो सगळ्यात शेवटी असलेला बरा. खरेदी करताना दुकानदाराला नेमकं हेच विचारावं: दिवा टाकीच्या आधी आहे की नंतर?

हे पुण्याने जवळून पाहिलंय. पासलीच्याच तालुक्यातल्या पानशेतचं पाणी पुणे ज्यावर जगतं त्या खडकवासला धरणात उतरतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतूही सापडला. महापालिकेने पाणी विकणारी खासगी आरओ केंद्रंही तपासली, नमुने पिण्यास अयोग्य निघाल्यावर अनेक केंद्रं बंद केली. आरओचा पडदा जंतू अडवतो हे खरं, पण पडद्यानंतर पाणी कुठे साठतं आणि कशातून वाहतं, हे पडदा ठरवत नाही.

टीडीएस मीटर या बाबतीत मुका आहे. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देतो. जंतूंचं नाव त्याला माहीत नाही. दुकानात ‘बघा, ४० दाखवतोय’ म्हणत मीटर बुडवला जातो, तेव्हा पाणी स्वच्छ असल्याचं काहीही सिद्ध होत नाही.

मग पासलीसारख्या गावात काय लावावं?

माझं मत सरळ आहे. गावाच्या टाकीत टीसीएल नीट पडतंय याकडे लक्ष, घरी धुता येणारी जाळी, पाच मायक्रॉनचं कार्ट्रिज आणि पिण्यापुरतं यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन) किंवा यूव्ही. यूएफचा पडदा साधारण ०.०१ मायक्रॉनचा. तो जंतू अडवतो, थोड्या दाबावर चालतो, वीज मागत नाही. पावसात तारा तुटून वीज गेलेल्या घरात हा गुण कामाला येतो. यूव्ही तेव्हा नुसता डबा असतो. विषाणूंच्या बाबतीत मात्र यूएफवर पूर्ण भिस्त ठेवू नये, त्यासाठी क्लोरीन किंवा उकळी. खळखळून एक मिनिट उकळलेलं पाणी आजही खात्रीचं.

आणि मशीनवर पैसे घालण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन पाण्यासाठी गावाला कोणतं कार्ड मिळालंय ते विचारावं. पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होते. जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण दिलं जातं. त्यांच्याकडची एचटूएसची बाटली मागून आपल्या नळाचं पाणी खुणेपर्यंत भरावं आणि दोन दिवस उबेला ठेवावी. पाणी काळं पडलं, तर स्रोत, टाकी आणि पाइप आधी तपासायचे. एक बाटली मशीनच्या आधीच्या पाण्याची आणि दुसरी नंतरच्या पाण्याची भरली, तर गडबड अलीकडची की पलीकडची हेही कळतं.