न उकळता काढलेला अर्क

औषधी वनस्पतींचा अर्क म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर चुलीवर आटणारा काढा येतो. आयुर्वेदाने काढ्याच्या जोडीला ‘हिम’ही सांगितला आहे : भरड रात्रभर थंड पाण्यात भिजवायची आणि सकाळी गाळून घ्यायची. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात तथ्य आहे. उष्णतेने सुगंधी तेले उडून जातात, काही नाजूक संयुगे मोडतात.

मग सगळेच थंड पाण्यात का भिजवू नये? हवे ते द्रव्य पेशींत कोंडलेले असते आणि बाहेर आले तरी पाण्यात विरघळेलच असे नाही. मिऱ्याला तिखटपणा देणारे पिपेरिन घ्या. त्याचा एक ग्रॅम विरघळवायला सुमारे २५ लिटर पाणी लागते! अल्कोहोलमध्ये ते सहज विरघळते, पण त्याबरोबर मिऱ्यातली राळ आणि तेलेही येतात. ती वेगळी काढणे हाच मग मोठा खटाटोप होतो.

माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतील (जुन्या मंडळींची यूडीसीटी) प्रा. विलास गायकर आणि त्यांचे सहकारी रामन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पाण्यालाच कामाला लावले. त्यात त्यांनी ‘हायड्रोट्रोप’ जातीचे क्षार मिसळले. अशा रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलकट पदार्थांशी जुळते. हे रेणू पेशींच्या आवरणांतले स्निग्ध थर विस्कटतात; पाणी आत शिरते आणि पिपेरिन घेऊन बाहेर येते.

हे तर साबणासारखेच झाले, असे विद्यार्थी म्हणतील. फरक महत्त्वाचा आहे. साबण थोडासाही पुरतो; हायड्रोट्रोप मात्र भरपूर असेल तरच काम करतो. म्हणूनच द्रावणात नुसते पाणी ओतले की त्याची पकड सुटते आणि पिपेरिन साक्याच्या रूपात खाली बसते. ते सुमारे ९० टक्के शुद्ध होते, राळ जवळजवळ नव्हतीच. आम्हाला या पद्धतीची खरी गंमत इथेच वाटते.

श्राव्यातीत ध्वनीचाही असा उपयोग होतो. द्रवात निर्माण होणारे सूक्ष्म बुडबुडे फुटताना पेशींना तडे देतात. मात्र त्यात द्रव तापतो, त्यामुळे भांडे बर्फात ठेवावे लागते.

हायड्रोट्रोपची पद्धतही फुकट नाही. तो पुन्हा वापरायचा तर ओतलेले पाणी आटवावे लागते, आणि तिथे इंधन जळतेच. पण तोवर पिपेरिन गाळून बाजूला झालेले असते. तापते ते फक्त क्षाराचे पाणी.