रियाज : गळ्याचा आणि कानाचा
(द्वितीय वर्ष, कला)

'रियाज' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे पहाटेचा तंबोरा उभा राहतो. कोल्हापूरकरांच्या बाबतीत तर हे साहजिकच आहे. ज्या गावात १८८३ साली गायन समाज देवल क्लब स्थापन झाला, जेथे राजर्षी शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आश्रय दिला, त्या गावाला रियाजाचे महत्त्व नव्याने सांगायला नको. परंतु याच गावात आज संगीतावर पोट भरणारा आणखी एक वर्ग आहे. त्याला आपण 'डीजे' म्हणतो आणि त्याच्या भिंतीएवढ्या स्पीकरना 'डॉल्बी' म्हणतो. तोही रियाज करतो, असे मात्र कोणी म्हणत नाही.

माझा थोरला भाऊ हेच काम करतो. दहावीनंतर त्याचे शिक्षण थांबले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. "तू शिकाय लागलीयास, आन् त्यो नुसती बटनं दाबतोय," असे आमची आजी येताजाता म्हणते. दादा त्यावर काही बोलत नाही. मला मात्र ते वाक्य बोचते. म्हणून बटणे दाबायला खरोखर किती शिकावे लागते, ते येथे सांगण्याचा प्रयत्न करते.

डीजेचे मुख्य काम म्हणजे एक गाणे संपता संपता दुसरे असे सुरू करणे की नाचणाऱ्याचे पाऊल अडखळू नये. गाण्याचा वेग मिनिटाला किती ठोके पडतात यावरून मोजतात. समजा, एका गाण्याचे १०० ठोके आहेत आणि दुसऱ्याचे १०१. फरक एकाच ठोक्याचा. पण दोन्ही एकदम सुरू केली तर अर्ध्या मिनिटात दुसरे गाणे अर्धा ठोका पुढे जाते आणि एकाचा ठोका दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत पडू लागतो. ऐकणाऱ्याला तो नुसता गोंगाट वाटतो. म्हणून डीजे एक गाणे लोकांना ऐकवीत असतानाच दुसरे हेडफोनमध्ये एकटा ऐकतो आणि त्याचा वेग कमीजास्त करून घेतो. तबकडीवर वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढवला तर सूरही अर्ध्या स्वराने चढतो. नव्या यंत्रांत सूर जागच्या जागी धरण्याची सोय आहे, तरीही वेग फार ताणला की आवाज विचित्र होतो. तेव्हा कोणती गाणी एकमेकांशेजारी बसतात, हे आधीच ठाऊक असावे लागते.

कोणी म्हणेल, आता वेग आपोआप जुळवणारे बटणही निघाले आहे. खरे आहे. पण यंत्रावर बांधलेल्या, एकसारख्या लयीच्या गाण्यांना ते जितके मानवते तितके जुन्या गाण्यांना मानवत नाही. तेथे वाजवणारी माणसे होती. ढोलकीवाला रंगात आला की लय चढते आणि यंत्राचा हिशेब चुकतो. शिवाय आठ मात्रांच्या केरव्यातून सहा मात्रांच्या दादऱ्यात कोठे शिरायचे, हे बटण सांगत नाही. त्यासाठी गाण्यातला कोणता भाग किती मात्रांनी येतो, ते पाठ असावे लागते. दादा दुपारी कानाला हेडफोन लावून वीस सेकंदांचा तोच तुकडा पुनःपुन्हा जोडीत बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो रिकामा बसल्यासारखा दिसतो.

ही कला ज्यांनी घडवली त्यांनीही असेच केले. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत ग्रँडमास्टर फ्लॅश या तरुणाने तबकडीवर खडूने खुणा केल्या. हवा तो तुकडा बोटाने मागे फिरवून नेमका पकडण्याचा त्याने सराव केला. संगीताच्या शाळेत नव्हे, आपल्याच प्रयोगांतून तो हे शिकला.

मग किती तास? मी दादाचा हिशेब मांडला. रोजचे दोन तास धरले तरी वर्षाचे ७३० होतात. आमच्या दिवसाला चार तासिका आणि वर्षाचे १८० दिवस धरले तर ७२० तासिका भरतात, आणि आमची तासिका तर पुरत्या तासाचीही नसते! हे गणित मी आजीला सांगितले, तेव्हा ती हसली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी दादाला हाक मारायची थांबली.

तथापि नुसते तास मोजून भागत नाही. अँडर्स एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वोत्तम गटाचा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरी सुमारे ७,४०० तास, तर पुढे संगीत शिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा ३,४०० तास आढळला. परंतु २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा संगीतातील कौशल्याच्या फरकापैकी सुमारे २१ टक्केच सरावाने उलगडतो असे निघाले. म्हणजे सराव हवाच, पण तेवढाच पुरत नाही.

आणि साधन जपणे हाही रियाजाचाच भाग आहे. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अति गाण्याने बसला. तो पुष्कळ काळाने परतला, पण पूर्वीसारखा राहिला नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला मानवेल अशी गायकी त्यांनी मेहनतीने घडवली. गवय्याचा जसा गळा, तसा डीजेचा कान. अमेरिकेतील एका सरकारी आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाज दिवसात आठ तास सोसावा. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे! विसर्जनाची मिरवणूक तर तासन्‌तास चालते. त्यानंतर दोन दिवस दादाच्या कानात शिट्टी वाजत राहते. बसलेला आवाज कधी परत येतो. आतून झिजलेला कान येत नाही. गेल्या वर्षापासून तो कानात बोळे घालतो, पण गर्दीची मागणी एकच असते : "आवाज वाढीव!"

म्हणून माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. स्नेहसंमेलनात डीजे बोलावला तर आवाज वाढवण्याची चिठ्ठी त्याच्याकडे पाठवू नका. एक गाणे दुसऱ्यात कोठे मिसळले, ते ओळखून पाहा. ते ओळखता आले नाही, तर समजा की त्या मुलाच्या कित्येक दुपारी सार्थकी लागल्या.