झोका, चौकट आणि दालनाची जमीन

पॅरिसच्या दक्षिणेस लिस नावाचे गाव आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तेथे दाविद बेल आणि त्याचे सवंगडी भिंती, कठडे, जिने ओलांडण्याचा सराव करीत. त्यातून पार्कूर हा क्रीडाप्रकार घडला. त्याची मुळे फ्रेंच नौदल अधिकारी जॉर्ज एबेर याच्या व्यायामपद्धतीत आणि सैनिकांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत आहेत. पुढे पार्कूर रस्त्यावरून दालनात आला आणि त्यासाठी मुद्दाम साधने बांधली जाऊ लागली. २०१३मध्ये ब्रिटनने व २०१६मध्ये युरोपने या साधनांची स्वतंत्र मानके ठरवली.

अडचण अशी, की दालन एकट्या पार्कूरचे क्वचितच असते. सकाळी बॅडमिंटन, संध्याकाळी व्हॉलीबॉल. अशा वेळी सुटी, हलवता येणारी साधने सोयीची वाटतात. थोडे गणित करून पाहू.

समजा, २.४ मीटर उंचीवरच्या आडव्या दांड्याला लोंबकळून ६० किलोग्रॅम वस्तुमानाचा मुलगा झोका घेत आहे. झोक्याची सुरुवात शरीर आडवे असताना झाली, असे धरू. अगदी खालच्या बिंदूशी दांड्यावरची ओढ वजनाच्या तिप्पट होते, हे ऊर्जेची अक्षय्यता आणि अभिकेंद्री बल यांवरून अकरावीचा विद्यार्थीही काढू शकेल. पण चौकट उलथते ती या क्षणी नव्हे! तेव्हा ओढ सरळ खाली असते, म्हणजे ती चौकटीला जमिनीवर दाबतेच. खरा धोका वाटेत असतो. शरीराचा उभ्या रेषेशी ४५ अंशांचा कोन झाला, की ओढीचा आडवा घटक महत्तम होतो. तो वजनाच्या दीडपट, म्हणजे सुमारे ८८० न्यूटन भरतो. उभा घटकही तेवढाच. आडव्या बलाला २.४ मीटरने गुणले, की उलथवणारे आघूर्ण सुमारे २,१०० न्यूटन-मीटर येते.

चौकटीचा पाया झोक्याच्या दिशेने १.२ मीटर रुंद असेल, तर तिला सावरणारी भुजा ०.६ मीटरची. उभ्या ओढीची मदत वजा केली, तरी उरलेले आघूर्ण पेलण्यासाठी चौकटीचे स्वतःचे वस्तुमान सुमारे २७० किलोग्रॅम हवे. तेही उलथण्याच्या अगदी सीमेवर. सुरक्षिततेसाठी जादा काहीच धरलेले नाही. एवढी चौकट रोज कोण हलवणार?

आपल्या पुरलेल्या मल्लखांबाने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. दालनात त्याचेच दुसरे रूप वापरता येते: जमिनीत कायमच्या पुरलेल्या नळ्या आणि त्यांत उभे करायचे खांब. मात्र नळी ३० सेंटिमीटर खोल असेल, तर वरच्या उदाहरणात दोन खांबांपैकी प्रत्येक खांब तिच्या काठावर साडेतीन हजार न्यूटनहून अधिक आडवा दाब देतो. फरशीचे किंवा लाकडी तक्तपोशीचे हे काम नव्हे, खाली काँक्रीटचा ठोकळाच लागतो. म्हणून हा विचार दालनाची जमीन करण्यापूर्वीच व्हायला हवा. नंतर विटांच्या पातळ भिंतीत पेच मारून दांडा बसवणे आम्हाला तरी धोक्याचे वाटते.

उडीचे गणित सोपे आहे. पायांवरचे सरासरी बल वजनाच्या किती पट, हे काढायचे तर उडीच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागावे आणि त्यात एक मिळवावा. १.२ मीटरवरून उडी मारून गुडघे वाकवत ४० सेंटिमीटरमध्ये थांबले तर चौपट. पाय ताठ ठेवून १० सेंटिमीटरमध्ये थांबले तर तेरापट. जाड मऊ गादी हा यावरचा पुरता उपाय नव्हे. तीत पाऊल रुतते, घोटा मुरगळू शकतो, शिवाय गुडघे वाकवण्याची सवयही लागत नाही.

सामायिक दालनात आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. सराव संपल्यावर खेळाडूंची धाकटी भावंडे त्याच साधनांवर चढतात. साधारण ९ ते २३ सेंटिमीटर रुंदीची बंदिस्त फट अशा मुलांना घातक ठरते, कारण धड पाय पुढे करून आत सरकते आणि डोके अडकते. दोन पेट्यांमधले, दांडा आणि भिंत यांमधले अंतर म्हणून मोजपट्टीने तपासावे.

आणि खांब काढून ठेवल्यावर नळ्यांची तोंडे झाकणाऱ्या झाकणांकडेही पाहावे. एखादे झाकण जमिनीच्या वर थोडेसे जरी राहिले, तरी शटलकॉककडे बघत मागे धावणारा बॅडमिंटनपटू तेथेच अडखळतो.