तीन सामने, सात गुण

मी शब्दांत रमणारा माणूस; मैदानाशी माझा संबंध बेताचाच. तरीही बास्केटबॉलच्या इतिहासातली एक छोटी नोंद माझ्या मनातून जात नाही. वातारू मिसाका: तीन सामने, सात गुण.

मिसाकाचा जन्म १९२३ साली अमेरिकेच्या युटा राज्यातल्या ऑग्डेन गावी झाला. आईवडील जपानहून आलेले. वडिलांचं केस कापण्याचं दुकान होतं आणि कुटुंब त्याच्याच तळघरात राहत असे. पोराची उंची जेमतेम पाच फूट सात इंच, पण अंगात विलक्षण चपळाई.

१९४१च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. पुढच्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावरच्या एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत डांबलं गेलं. त्यांतले बहुतेक जन्माने अमेरिकन होते. ऑग्डेन किनाऱ्यापासून दूर, म्हणून मिसाका वाचला. मात्र टोपाझची छावणी युटातच होती. तिथे तारेच्या कुंपणाआड त्याच्याच वंशाची मुलं, आणि हा युटा विद्यापीठाच्या संघात!

१९४४ साली या संघाने न्यूयॉर्कला डार्टमथचा ४२-४० असा पराभव करून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. घरी परतताच त्याच्या हाती सैन्यभरतीचा हुकूम पडला. युद्ध संपल्यावर त्याला जपानला पाठवलं. हिरोशिमात अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या मुलाखती घेण्याचं काम त्याच्या वाट्याला आलं.

परतल्यावर तो पुन्हा खेळू लागला. १९४७च्या एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात युटाने बलाढ्य केंटकीला ४९-४५ असं हरवलं. केंटकीच्या नामवंत राल्फ बिअर्डला मिसाकाने एकच गुण मिळू दिला. त्याच वर्षी न्यूयॉर्क निक्सने त्याला घेतलं. आज 'एनबीए' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेतला तो गोरा नसलेला पहिला खेळाडू. तीन सामन्यांनंतर त्याला वगळण्यात आलं. वंशामुळे काढलं, अशी तक्रार त्याने केली नाही. युटाला परतून तो इंजिनियर झाला आणि २०१९ साली, वयाच्या ९५व्या वर्षी, वारला.

छावण्यांबद्दल अमेरिकेने १९८८ साली कायदा करून माफी मागितली. ते चांगलंच झालं. पण ज्याने देशासाठी गणवेश चढवला, त्याच्यासारख्याच चेहऱ्यांना त्याच वेळी कुंपणाआड ठेवलं होतं, हे विसरून कसं चालेल? देश आपला आहे, याचा पुरावा काही माणसांनाच पुन्हा पुन्हा का द्यावा लागतो?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)